बेडूक पाळावा का? मुंबईच्या सगळ्यात जुन्या रहिवाशाची गोष्ट

मुंबईचे मूळ रहिवासी कोण, असं विचारलं की आपण शाळेत घोकल्याप्रमाणे 'कोळी' असं सांगून मोकळे होतो. माणसांपुरतं ते बरोबरच आहे. पण माणसं सोडून बोलायचं तर कोळ्यांच्याही कितीतरी आधी इथे एकजण बिऱ्हाड करून होता, आणि त्याचा पुरावा दगडात आहे. तो म्हणजे बेडूक. होय, आपला डराँव डराँव करणारा बेडूक!

आता हा विषय मध्येच कुठून आला? तर आमच्या टीममधल्या एका मुलीमुळे. ती कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहते. तिच्या पाचवीतल्या भावाला बेडूक पाळायचाय. कुत्रा नको, मांजर नको, बेडूकच पाहिजे. इंटरनेटवर व्हिडिओ बघून त्याने बेत पक्का केलाय आणि गणपतीपासून साठवलेले पैसे डब्यात तयार आहेत. घरून अर्थातच विरोध. त्यांच्या बाबांचं म्हणणं असं की पाण्यातली वस्तू धरायची, विकायची, नाहीतर खायची. तिला घरात ठेवून खायला घालायचं हा काय प्रकार? शेवटी ती मला म्हणाली, "दादा, तू शनिवार-रविवारी कायतरी वाचून लिहीतच असतोस. कुठला बेडूक घ्यायचा एवढंच बघून सांग ना."

'एवढंच' हा शब्द किती फसवा असतो हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. क्लायंटही असंच म्हणतो, 'एवढंच एक बटण वाढवा'! असो. दोन वीकएंड गेले, पण मजा आली. शेवटी उत्तरही सापडलं. पण ते समजायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे सहा कोटी वर्षं :-)

वरळीचा बेडूक

दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलंय हे आपल्याला भूगोलात होतं. पण हे थर एकामागोमाग एक लगेच आले नाहीत. दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ शांतता असायची. त्या काळात तळी साचायची, चिखल बसायचा, झाडं उगवायची, प्राणी यायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. वरळीच्या टेकडीत अशा गाळाचे थर सापडले आणि त्यात निघाले छोट्या छोट्या बेडकांचे सांगाडे. एखाद-दुसरा नाही, पुष्कळ. वय सहा कोटी वर्षांहून जास्त.

ही बातमी लंडनला पोचवणारा माणूस होता जी. टी. क्लार्क. हा भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे, इंजिनियर! मुंबई ते ठाणे रेल्वेची कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आली असं सांगतात, तोच हा क्लार्क. त्याने मुंबई बेटाच्या भूगर्भाबद्दल लिहून पाठवलं आणि त्याला जोडून १८४७ साली रिचर्ड ओवेनने या बेडकाचं वर्णन छापलं. ओवेन म्हणजे 'डायनोसॉर' हा शब्द ज्याने १८४२ मध्ये बनवला तो. म्हणजे बघा, डायनोसॉरचं बारसं करणाऱ्या माणसानेच आपल्या वरळीच्या बेडकाचंही बारसं केलं. नाव ठेवलं 'राना प्युसिला', म्हणजे चिमुकला बेडूक.

पुढे १९३० साली न्यूयॉर्कच्या म्युझियममधल्या जी. के. नोबल याने हे सांगाडे पुन्हा तपासले. त्याच्या मते हा 'राना' नव्हताच. त्याने नवं नाव दिलं, 'इंडोबॅट्रेकस', आणि त्याचं नातं चक्क ऑस्ट्रेलियातल्या काही बेडकांशी जोडलं. या नात्यावर पुढे वाद झाले. पण भारतातल्या बेडकाचे पाहुणे समुद्रापार असू शकतात ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोस्युट यांनी केरळातल्या सह्याद्रीतून जांभळा बेडूक जगासमोर आणला. जन्मभर जमिनीखाली राहणारा आणि पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर येणारा हा बेडूक. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवर! हे बेडूक समुद्र पोहून गेलेले नाहीत. पायाखालची जमीनच फुटून सरकली आणि भाऊ-भाऊ वेगळे झाले.

समुद्र पोहून का गेले नाहीत? पाळण्याच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

कातडीची गोष्ट

डार्विनने १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक साधी पण जबरदस्त गोष्ट नोंदवलीय. भर समुद्रातल्या बेटांवर बेडूक सापडत नाहीत. हवा चांगली आहे, पाणी आहे, किडे आहेत, पण बेडूक नाही. कारण खारं पाणी लागलं की बेडूकही मरतो आणि त्याची अंडीही. पक्षी उडत येतात, बिया वाहत येतात, पण बेडूक येऊ शकत नाही.

याचं कारण बेडकाची कातडी. आपली कातडी म्हणजे फायरवॉल. आतलं आत, बाहेरचं बाहेर. बेडकाची कातडी म्हणजे सगळे पोर्ट उघडे! बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. श्वासाचाही बराच भाग कातडीतून चालतो. त्यामुळे पाण्यात जे काही असेल, मीठ, क्लोरीन, साबण, डासांचं औषध, तुमच्या हाताचं सनस्क्रीन, ते सरळ आत जातं. बेडूक पाळणं म्हणजे खरं तर पाणी पाळणं. पाणी सांभाळता आलं तर बेडूक आपोआप सांभाळला जातो.

आता ही गोष्ट मच्छीमार नगराला लावून बघा. कुलाबा हे मूळचं बेट; १८३८ साली कॉजवे झाला तेव्हा ते मुंबईला नीट जोडलं गेलं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने कुलाब्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भर घालून जमीन तयार केली आणि ट्रस्टच्याच टी. डब्ल्यू. कफ यांचं नाव तिला मिळालं. ते कफ परेड. पुढे बॅकबेमध्ये आणखी भर पडली, टॉवर उभे राहिले. टॉवरच्या पायथ्याशी समुद्राला लागून होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी घेऊन मच्छीमार नगर आहे. बाकीच्या मुंबईला या वस्तीचं नाव बहुधा २६ नोव्हेंबर २००८ मुळे माहीत झालं, कारण ते दहा अतिरेकी रबरी होडीतून इथेच उतरले आणि त्यांना पहिल्यांदा हटकलं ते इथल्या कोळ्यांनी.

समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर सुरुवातीला बेडकांची संख्या शून्यच असणार. तिथे बेडूक येणार तो भरावाच्या मातीतून, बागेच्या कुंडीतून, नाहीतर पावसाळ्यात शेजारच्या जुन्या जमिनीवरून उड्या मारत. खाऱ्या बाजूने त्याला रस्ता नाही. कोळी समुद्राचा माणूस आणि बेडूक गोड्या पाण्याचा प्राणी. दोघेही मुंबईचे जुने रहिवासी, पण दोघांची गल्ली वेगळी!

आपल्याकडे बेडूक पाळत का नव्हते?

बेडूक आपल्या संस्कृतीत कधीच परका नव्हता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात अख्खं एक मंडूकसूक्त आहे, त्यात पावसाळ्यात ओरडणाऱ्या बेडकांची तुलना मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केलीय. (कोणाचा मान वाढला आणि कोणाचा कमी झाला यावर विद्वान अजून भांडतात.) पाऊस ओढ देतो तेव्हा गावोगावी धोंडी निघते, काही ठिकाणी त्यात बेडूक असतो. कुठे बेडकाचं लग्न लावतात. 'कूपमंडूक' ही शिवी तर आपण ज्याचं त्याचं बघून वापरतोच. पण एवढं सगळं असून बेडूक घरात आणून पाळल्याची परंपरा मात्र दिसत नाही. आणि ते साहजिकच आहे. जो दारात फुकट येतो, त्याला पिंजऱ्यात कशाला ठेवायचं?

मुंबईत तर घराघरात विहिरी होत्या. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. मलेरियाचा डास याच घरगुती विहिरींमध्ये वाढतो असं त्यांनी दाखवलं. मग विहिरी झाका, बुजवा, असा सपाटा सुरू झाला. धार्मिक कारणांनी लोकांनी विरोधही बराच केला, पण हळूहळू विहिरी गेल्या, तळी बुजली, टँक जाऊन मैदानं झाली. 'धोबी तलाव' म्हणताना तिथे तलाव होता हे आपल्याला आठवतसुद्धा नाही. मलेरिया आटोक्यात यायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण त्या पाण्याबरोबर कूपही गेला आणि मंडूकही. बेडूक दारात यायचा थांबला आणि मग तो विकत आणावासा वाटू लागला. मला तर इथे सरळ संबंध दिसतो.

काचेच्या पेटीत बेडूक आला कसा?

बेडूक घरात ठेवायचा शौक मूळचा युरोपातला. १८२९ मध्ये लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना बंद बाटलीत नेचाचं रोप आपोआप उगवलेलं दिसलं. त्यातून काचेच्या बंद पेटीची कल्पना निघाली. याच 'वॉर्डच्या पेट्यां'मधून चीनचा चहा भारतात आला, हे जाता जाता. लंडनमध्ये घरोघरी नेच्यांच्या पेट्या झाल्या आणि मग लोकांना त्यात काहीतरी हलतं-डुलतं हवंसं वाटलं. बेडूक लहान, शांत, दमट हवेत खूश. फिट बसला.

पण बेडकांचा जगभर व्यापार सुरू व्हायला एक वेगळंच कारण घडलं. ते इतकं अजब आहे की मी दोनदा तपासून बघितलं. ते कारण म्हणजे गर्भधारणेची चाचणी!

१९२०-३० च्या सुमाराला लॅन्सलॉट हॉगबेन हा ब्रिटिश शास्त्रज्ञ केपटाऊनला होता. तिथल्या नख्यावाल्या पाणबेडकावर (झेनोपस) तो हार्मोन्सचे प्रयोग करत होता. त्यातून पुढे असं लक्षात आलं की गर्भवती स्त्रीची लघवी बेडकीला टोचली तर काही तासांतच ती अंडी घालते. ससे आणि उंदीर वापरून होणाऱ्या आधीच्या चाचण्यांमध्ये प्राणी मारून आत बघावं लागायचं. इथे बेडकी जिवंत राहायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा वापरता यायची. म्हणजे रियुजेबल टेस्ट किट! साधारण १९४० ते १९६० च्या दरम्यान हजारो झेनोपस आफ्रिकेतून जगभरच्या हॉस्पिटल्स आणि प्रयोगशाळांत गेले.

मग साठच्या दशकात रासायनिक किट आले आणि बेडकांची नोकरी गेली. लेऑफच म्हणा. काही प्रयोगशाळांत राहिले, काही पाळीव प्राण्यांच्या दुकानांत गेले आणि काही लोकांनी दया येऊन तळ्यात सोडून दिले. ही दया महागात पडली. आज कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली इथे हा आफ्रिकन बेडूक रानटी होऊन पसरलाय आणि तिथल्या स्थानिक जिवांना खातोय.

एक बग, जगभर

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतले बेडूक धडाधड मरू लागले. स्वच्छ जंगल, स्वच्छ ओढे, आणि बेडूक गायब. १९९८ मध्ये कारण सापडलं: कायट्रिड नावाची बुरशी. ती बेडकाच्या कातडीवर वाढते, कातडीतून होणारी क्षारांची देवघेव बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. पुन्हा कातडीच!

आधी संशय झेनोपसवर होता, कारण १९३८ साली जपून ठेवलेल्या एका झेनोपसच्या कातडीवर ही बुरशी सापडली. गर्भचाचणीच्या निर्यातीबरोबर ती जगभर गेली असावी, असं २००४ मध्ये मांडलं गेलं. २०१८ मध्ये जगभरच्या नमुन्यांचे जीनोम ताडून बघितले तेव्हा मूळ निघालं पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला. मात्र पसरण्याचं साधन माणसाने केलेली बेडकांची ने-आणच, याबद्दल फारसा वाद राहिला नाही. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासाने हिशोब मांडला: निदान ५०१ जातींची संख्या या बुरशीने घटली, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या.

आपल्याकडे काय? २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या बेडकांवर ही बुरशी असल्याचं दाखवलं. पण ती आशियातली जुनी, स्थानिक जात. आपले बेडूक तिच्याबरोबर जगायला शिकले असावेत; तिकडच्यासारखं थैमान इथे दिसलेलं नाही. म्हणूनच बाहेरून आलेल्या बेडकाच्या टाकीतलं पाणी गटारात किंवा बागेत ओतणं ही साधी गोष्ट नाही. चालू असलेल्या सर्व्हरवर कुठूनतरी आणलेला पेनड्राईव्ह लावण्यासारखं आहे ते.

कायदा काय म्हणतो?

'मग देशी बेडूक पाळू, पावसात पकडून आणू', हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. तर इथेही इतिहास आडवा येतो.

आपला बैल बेडूक, पावसाच्या पहिल्या सरींत जो पिवळाधमक होतो आणि गालाजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो, तो एकेकाळी आपली मोठी निर्यात होती. म्हणजे त्याच्या तंगड्या. भारतातून वर्षाला हजारो टन तंगड्या युरोप-अमेरिकेच्या हॉटेलांत जायच्या. शेतातले बेडूक गेले, कीड वाढली, त्यावर औषधं फवारावी लागली, अशी ओरड झाली. १९८५ मध्ये हा बेडूक 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत तो आजही आहे. गोव्यात पावसाळ्यात खाण्यासाठी बेडूक पकडणाऱ्यांना वनखातं याच कायद्याचा धाक घालतं. तेव्हा डबक्यातून बेडूक उचलून घरी आणायचा विचार सोडा.

गंमत म्हणजे हाच आपला गुणी बैल बेडूक अंदमानात पोचला तेव्हा तिकडे व्हिलन झाला. मत्स्यबीजाबरोबर त्याची पिल्लं चुकून गेली असावीत असं अभ्यासक म्हणतात. त्याची पिल्लं इतर बेडकांची पिल्लं खातात. म्हणजे प्रश्न बेडूक चांगला की वाईट हा नाही, तो कुठे आहे हा आहे.

परदेशी बेडकांचं काय? जून २०२० मध्ये केंद्र सरकारने घरी परदेशी प्राणी असतील तर स्वतःहून जाहीर करा, अशी योजना आणली. मग २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम. थोडक्यात, साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी घरी असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला तरी कळवायचं. रंगीबेरंगी विषारी डार्ट बेडूक आणि पोस्टरवरचा लाल डोळ्यांचा झाडबेडूक या यादीत आहेत. दुकानदार 'काय होत नाय साहेब' म्हणाला तरी पक्कं बिल आणि प्राणी कुठून आला याचे कागद मागा. कागद नसतील तर तिथून निघा. तो बहुधा पिशवीत, डब्यात, चोरून आलेला असतो आणि त्या प्रवासात त्याचे किती सोबती मेले असतील याचा अंदाज आपल्याला येत नाही.

मग नवशिक्याने कुठला घ्यायचा?

एवढं सगळं वाचूनही ज्याला पाळायचाच आहे, त्याच्यासाठी माझी शॉर्टलिस्ट अशी:

नख्यावाला झेनोपस: मत्स्यालयाच्या दुकानांत पांढरट-गुलाबी रंगाचा दिसतो. पूर्ण वेळ पाण्यात राहतो, खायला कटकट नाही, चिवट. पण पंधरा-वीस वर्षं जगतो, टाकीतले मासे खातो आणि सुटला तर वरचा सगळा इतिहास पुन्हा घडवू शकतो. माझं मत: नको.

पॅकमॅन बेडूक: दक्षिण अमेरिकेतला. गोल, तोंडच तोंड. नारळाच्या भुशात अर्धा गाडून घेऊन दिवसभर बसतो. जागा कमी लागते, सांभाळायला सोपा. पण एकटाच ठेवावा लागतो (दोन ठेवले तर एकच उरतो!) आणि बोट पुढे केलं तर चावतो. पाचवीतल्या मुलाला आठवड्याभरात कंटाळा येईल.

व्हाइटचा झाडबेडूक: ऑस्ट्रेलियातला, हिरवा, गुबगुबीत, चेहऱ्यावर कायम समाधानाचं हसू. १७९० मध्ये जॉन व्हाइटच्या प्रवासवर्णनातून तो युरोपला कळला. दारूत बुडवून नेलेला नमुना निळा पडला होता, म्हणून लॅटिन नावात 'निळा' आलंय, बिचारा आहे हिरवा. दमट हवेबरोबर थोडा कोरडेपणाही सोसतो, मुंबईचं तापमान त्याला बहुतेक वर्षभर चालतं. नवशिक्यासाठी जगभर याचंच नाव घेतात. आणि नोबलसाहेबांनी वरळीच्या बेडकाचं नातं ऑस्ट्रेलियाशीच जोडलं होतं ना? तेव्हा लांबचा पाहुणा म्हणून चालेल :-)

आता देखभाल. हे फ्रिजवर चिकटवा.

१. पाणी: महापालिकेचं पाणी आपल्याला पिण्यायोग्य असतं कारण त्यात क्लोरीन असतो, आणि तोच बेडकाला बाधतो. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषधही घाला. वाटीतलं पाणी रोज बदला.

२. पेटी: झाडबेडकाला रुंदीपेक्षा उंची हवी. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० उंच. झाकण जाळीचं आणि घट्ट. आत जाड फांद्या, लपायला पानं. खिडकीच्या उन्हात ठेवलीत तर काचेची पेटी म्हणजे कुकर होतो.

३. खाणं: जिवंत किडे. रातकिडे, पाळलेली झुरळं, गांडुळं. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. हा लगेच लठ्ठ होतो, आपल्यासारखाच. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. स्वयंपाकघरातलं झुरळ कधीही देऊ नका, त्याच्या अंगावर औषध असू शकतं.

४. हात: शक्यतो बेडकाला हात लावूच नका. लावावा लागलाच तर आधी साध्या पाण्याने नीट धुऊन ओल्या हाताने, आणि नंतर साबणाने हात धुवा. बेडकांमुळे साल्मोनेला होऊ शकतो; अमेरिकेत २००९ च्या सुमाराला छोट्या पाणबेडकांमुळे मुलांमध्ये साथच आली होती.

५. डास मारायची कॉइल, स्प्रे, धूर: बेडकाच्या खोलीत पूर्ण बंद.

६. डॉक्टर: बेडूक घेण्याआधी बेडूक बघणारा पशुवैद्य शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बेडूक बघत नाहीत.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कधीही, कुठेही सोडून द्यायचा नाही.

शेवटी काय ठरलं?

हे सगळं मी तिला पाठवलं. तिने ते रात्री भावाला वाचून दाखवलं. त्याच्या प्रश्नांची यादी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. त्यातला एक प्रश्न मला फार आवडला: "हा पंधरा वर्षं जगला तर मी तेव्हा किती वर्षांचा असेन?" पंचवीस. म्हणजे बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, सगळ्यात बेडूक बरोबर. आपल्यातले किती जण पंधरा वर्षं एखाद्या कंपनीत तरी टिकलेत?

दुसरा प्रश्न बाबांकडून आला होता आणि तो त्याहून जड होता. त्यांच्या घरी पाण्याची वेळ ठरलेली. पावसाळ्यात समुद्र उधाणला की घरातलं सामानसुद्धा वर उचलायची तयारी ठेवावी लागते. डासांचा धूर मारायला माणसं येतात. त्यात काचेच्या पेटीतला बेडूक कोण बघणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि द्यायचा अधिकारही नव्हता. व्हिडिओमधला बेडूक ज्या घरात राहतो त्या घरात बारा महिने एसी आणि चोवीस तास पाणी असतं, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

शेवटी मी माझं मत सांगितलं. या वर्षी बेडूक घेऊ नये. डब्यातल्या पैशातून चांगली टॉर्च आणि पावसाळी बूट घ्यावेत. कफ परेडपासून हाकेच्या अंतरावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाउस आहे. १८८३ पासूनची ही संस्था. हिच्याच नियतकालिकात चार्ल्स मॅककॅन यांनी भारतातल्या बेडकांवर टिपणं लिहिली. तिथे जाऊन विचारावं, पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला जावं, जमलं तर एकदा आंबोली गाठावी. तिथला आंबोली टोड जगात दुसरीकडे जवळपास कुठेच नाही. एका वहीत जात, जागा, तारीख आणि आवाज लिहायचा. दोन पावसाळे वही नीट भरली तर बेडूक पाळायचा धीर त्याच्यात आहे असं समजायला हरकत नाही, आणि तोवर घरच्यांनाही विचार करायला वेळ मिळेल.

मुलाला हे फारसं पटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं म्हणणं, "वहीतला बेडूक माझा कुठे असतो?" बरोबर आहे त्याचं. पण वरळीचा बेडूक तरी कोणाचा होता? तो इथे होता तेव्हा बेट नव्हतं, कोळी नव्हते, कफसाहेब नव्हते आणि आपला ऑफिसचा टॉवरही नव्हता.

बूट मात्र घेतलेत म्हणे. आठ नंबरचे, वाढत्या अंगाचे.

तुमच्याकडे कोणी बेडूक पाळला असेल किंवा पाळायचा विचार असेल तर जरूर कळवा. पुढच्या वीकएंडला भेटूच!